पार्किंगमध्ये लख्ख, ताम्हिणीत गुडुप: स्पॉटलाइटचा दर पावसाळ्यातला घोळ

पार्किंगमध्ये बटण दाबलं की दोन्ही स्पॉटलाइट समोरच्या विंगच्या भिंतीवर लख्ख. इतके की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा खिडकीतून "अहो, बंद करा ते, झोपायचंय आम्हाला" असं सुनावलं होतं. आणि त्याच गाडीचे तेच दिवे कोकणातून परत येताना ताम्हिणी घाटात, धो धो पावसात, नेमके वळणावर गुडुप. आधी बोनेटखालून कटकटकट असा आवाज, मग दोन-चार वेळा लुकलुक, मग अंधार. मुळशीकडे आल्यावर टपरीवर चहा घेऊन पुन्हा बटण दाबावं, तर दिवे हजर.

सलग तीन पावसाळे हे चाललं. आता दोष सापडलाय. तो सापडायला तीन वर्षं का लागली, हे दोषापेक्षा जास्त कामाचं आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी जुनी जिप्सी. पुढे स्टीलचा जाडजूड बंपर, त्याला काळा पावडर कोट, आणि त्यावर दोन गोल हॅलोजन, प्रत्येकी 55 वॅटचे. दिवे आणि वायरिंग दोन्ही आधीच्या मालकाने करून घेतलेलं. मी घेतली तेव्हा दिवे लागत होते, आपण खूश. वायर कुठून कुठे गेलीय ते वाकून बघावं असं काही सुचलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात बल्ब बदलले. दुसऱ्यात रिले बदलला, कारण कटकट तिथूनच येत होती. (रिले म्हणजे आतल्या कॉइलला बटणाकडून थोडा करंट मिळाला की दिव्यांचा मोठा करंट जोडणारा स्विच.) त्याच वर्षी फ्यूजही दोनदा उडाला, तर नाना पेठेतला एक उस्ताद म्हणाला, "मोठा टाका साहेब, उडायचा प्रश्नच मिटला." आणि त्याने निळा 15 अँपिअरचा काढून हिरवा 30 चा खोचला. माझ्या डोळ्यांदेखत खोचला आणि मी मान डोलावली, हे कबूल करायला हवं.

गंमत म्हणजे दर वेळी दुरुस्ती "लागू" पडली. याचं कारण नंतर कळलं. बल्ब बदला किंवा रिले, कोणीतरी कपलर (वायरी जोडायचा प्लग) ओढतो, वायरी हलवतो, बंपरशी झटापट करतो. त्या झटापटीत गंजलेला जोड थोडा घासला जातो आणि काही दिवस बरा चालतो. तोवर पाऊस संपलेला असतो. दिवाळीनंतर सगळेच इलेक्ट्रिशियन हुशार ठरतात.

तिसऱ्या वर्षी ठरवलं की एकही पार्ट बदलायचा नाही, आधी मोजायचं. तपकीर गल्लीतून साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. दिव्याचा कपलर काढला, बटण दाबलं, मीटरच्या दोन पिना कपलरच्या दोन टोकांना लावल्या. 12.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरीवर जेवढे तेवढेच. वायरिंग ठणठणीत! मग मीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असली की बीप देणाऱ्या मोडवर) टाकून अर्थ, म्हणजे दिव्यातून गाडीच्या धातूमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वाट तपासली, तर बीपही वाजली. मीटर बाजूला ठेवून मी पुन्हा रिलेकडे संशयाने बघायला लागलो होतो.

चूक इथेच होती. जुन्या वाड्यातल्या गंजक्या पाइपाचं उदाहरण घ्या. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो. नळ सोडला की धार करंगळीएवढी येते, आणि तेव्हा कळतं की पाइप आतून किती बुजलाय. मीटर विजेचा जवळजवळ थेंबही पीत नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो ऐटीत 12.6 दाखवतो. 55 वॅटचा दिवा मात्र साडेचार अँपिअरहून जास्त ओढतो, दोन दिवे मिळून नऊच्या वर. त्या ओढीला जोड टिकतो की नाही, ते दिवा पेटलेला असतानाच कळणार. बीपचंही तसंच. साधा मीटर काही ओहमचा अडथळा असला तरी बीप देतो, आणि आपला दोष असतो अर्ध्या ओहमच्याही आतला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा कधी कधी तेवढा असतो.

मग कपलर परत जोडला, इंजिन चालू केलं, दिवे लावले आणि जोडांच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं टेकवली. बॅटरीवर 14.1 व्होल्ट. दिव्याच्या दोन टोकांत 10.6. साडेतीन व्होल्ट वाटेत गायब! आता फक्त ते कुठल्या वाटेवर सांडतायत एवढंच शोधायचं राहिलं. मीटर डीसी 20 व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं दिव्याच्या प्लसवर, दिवे चालू: 0.6. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं दिव्याच्या काळ्या वायरीवर: 2.9. चोर सापडला. तीन वर्षं सगळ्यांनी लाल वायरीकडे पाहिलं, आणि चोरी काळ्या वायरीत होती.

काळी वायर कुठे गेली होती? बंपरला. दिवा बसवायच्या बोल्टखालीच तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) दाबलेलं. खाली पावडर कोट, म्हणजे चक्क प्लास्टिकचा थर. बंपर चासीला जिथे बसतो तिथेही दोन्ही बाजूंना रंग. दिव्याचा सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून, कुठेतरी रंग खरवडला गेला असेल तेवढ्या टाचणीभर जागेतून जात होता. त्यात पाणी शिरलं की गंज, आणि खडबडीत रस्त्यावर बंपर हलला की तीही जागा सुटणार. पार्किंगमध्ये गाडी कोरडी आणि स्थिर असते, त्यामुळे तिथे दोष दिसणार कसा?

आकडे थोडे पुढे नेले तर अंगावर येतात. 2.9 व्होल्ट आणि साधारण साडेआठ अँपिअर, म्हणजे त्या एका जोडात जवळपास 25 वॅट उष्णता. सर्किटं जोडायची साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. मी बोल्टला हात लावून पाहिला, चटका बसला. आणि उजेडाचं म्हणाल तर हॅलोजनमध्ये व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड सुमारे 30 टक्क्यांनी पडतो. माझे दिवे पार्किंगमध्ये "लख्ख" होते तेव्हाही निम्म्याहून कमी उजेड देत होते. काकूंना हे सांगितलेलं नाही.

राहिली ती कटकट. रिलेच्या कॉइलची अर्थ वायरसुद्धा त्याच बोल्टखाली होती. थंड फिलामेंटचा अडथळा गरम फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, त्यामुळे बटण दाबताच क्षणभर प्रचंड करंट वाहू बघतो. चांगला अर्थ असेल तर तो निघून जातो. अर्थ खराब असेल तर त्या बोल्टवरच आठ-नऊ व्होल्ट चढतात, आणि रिलेच्या कॉइलला जेमतेम तीन-चार उरतात. रिले सुटतो. सुटला की करंट थांबतो, बोल्ट पुन्हा शून्यावर येतो, कॉइलला पुन्हा पूर्ण व्होल्टेज मिळतं, रिले पुन्हा ओढतो. कटकटकट. रिले बिचारा धडधाकट होता, त्याच्या पायाखालची जमीन हलत होती. जुना "खराब" रिले अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे आणि उत्तम चालतो.

मीटर जवळ नसेल तर घाटातही करता येईल अशी एक चाचणी आहे. हातभर नाही, चांगली दोन मीटर जाड वायर गाडीत ठेवा. दिवे चालू असताना तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या काळ्या टोकाला टेकवा. उजेड एकदम फुलला तर दोष अर्थमध्ये. काहीच फरक पडला नाही तर प्लसच्या बाजूला बघा. ही वायर चुकूनही प्लसला लावायची नाही, एवढं मात्र सांभाळा.

दुरुस्तीत पहिलं काम बॅटरीची मायनस केबल काढणं. हातातलं घड्याळ आणि अंगठीही काढा. मग दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी बंपरवरून पूर्ण सोडवल्या आणि 2.5 चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरीने थेट त्या जागी नेल्या, जिथे बॅटरीची मायनस केबल बॉडीला बसते. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, दातेरी वॉशर घालून थिंबल कसलं, आणि वरून पेट्रोलियम जेली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जेली आणि मग थिंबल असं बऱ्याच ठिकाणी केलेलं दिसतं. रिलेच्या कॉइलचा अर्थ वेगळ्या बोल्टवर, दिव्यांच्या वाटेपासून लांब.

प्लसची वायर 1 चौरस मिलिमीटरची होती, तीही बदलली. तांब्याच्या अशा चार मीटर वायरीचा अडथळा 0.07 ओहमच्या आसपास, म्हणजे तो 0.6 व्होल्ट तिथेच खर्च होत होता. दुकानदार वायर "जाड" म्हणून देतो तेव्हा बाहेरच्या प्लास्टिकच्या जाडीवर जाऊ नका, आतल्या तांब्याचा आकडा विचारा. प्लास्टिक जाड आणि आत चार केस, असा माल भरपूर मिळतो.

जुनी वायर ओढून काढताना दुसरा दोष हाती लागला. रेडिएटरच्या पुढच्या पत्र्यातल्या भोकातून ती रबरी ग्रोमेटशिवाय ओवलेली होती. पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापून तांबं उघडं पडलं होतं, आणि आतल्या तारा कळकून हिरव्या झाल्या होत्या. फ्यूज उडत होता तो यामुळे. पावसात, हादऱ्यात तांबं पत्र्याला लागलं की शॉर्ट. फ्यूज त्याचं काम चोख करत होता आणि आम्ही त्याला गप्प केलं. 30 अँपिअरच्या फ्यूजच्या भरवशावर ती बारीक वायर वितळायला लागली असती, तरी फ्यूजने हू की चू केलं नसतं. भोकाजवळच्या वीतभर पट्ट्यात इन्सुलेशन मऊ होऊन शेजारच्या हॉर्नच्या वायरीला चिकटलेलं होतं, ते पाहून घशाला कोरड पडली. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. 55 च्या जोडीला 15 अँपिअर पुरतो. 100 वॅटच्या जोडीला करंटच 17 च्या घरात जातो, तिथे 25 चा फ्यूज आणि त्याला साजेशी 4 चौरस मिलिमीटरची वायर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहिली.

पाण्याचा बंदोबस्त. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर तो पाण्याची वाटी होतो. कपलरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळून जातो, आत जात नाही. काळी इन्सुलेशन टेप इंजिनच्या उष्णतेत चिकट चिखल होते आणि वर्षभरात सुटते. आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी थोडी महाग पडते, पण तीच वापरा. जोड सोल्डरने करायचा की क्रिम्प, म्हणजे धातूचं टोक पकडीने दाबून, हा वाद घालणारे घालोत. गाडी हादरते, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होऊन तुटते, म्हणून मी चांगल्या पकडीने क्रिम्पच करतो.

नंतर पुन्हा तीच मोजणी: बॅटरी 14.1, दिवा 13.6. प्लसच्या बाजूला 0.4, अर्थच्या बाजूला 0.1. अर्थमध्ये 0.2 च्या वर गेलं तर मी जोड पुन्हा उघडतो. आणि घाटापर्यंत जाऊन परीक्षा द्यायची गरज नाही. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवारा-बाटली घेतली, दिवे चालू ठेवून एकेका जोडावर पाणी मारलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बंपरवर ठोकलं. पेटलेल्या हॅलोजनच्या काचेवर मात्र फवारा मारू नका, गरम काच तडकते. नवा बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोटही लावायचं नाही, हाताच्या तेलाचा डाग पडतो तिथे तो तापून लवकर जातो.

लक्षण थोडं वेगळं असेल तर काय, हेही थोडक्यात. इंडिकेटर लावला की त्याच तालात स्पॉटलाइट फिकट होत असेल, किंवा स्पॉटलाइट लावला की न लावलेला इंडिकेटर मंद उजळत असेल, तर दोघांचा अर्थ एकाच बिघडलेल्या जोडावर आहे. करंटला सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून उलटा वाट काढतो. बटण बंद केलं की दिवे लागतात आणि चालू केलं की विझतात, असं होत असेल तर पाच पिनांच्या रिलेत दिव्याची वायर 87 ऐवजी मधल्या 87ए वर गेलीय. हे आकडे जर्मन डीआयएन 72552 मानकातले आहेत आणि बहुतेक रिलेंवर कोरलेले असतात: 30 वर बॅटरीकडून येणारी, 87 वरून दिव्याकडे जाणारी, 85 आणि 86 कॉइलची दोन टोकं. रिले न घालता थेट डॅशबोर्डच्या बटणातून दिवे चालवले असतील तर बटण गरम होईल आणि एक दिवस आतल्या आत चिकटून बसेल. ती दुरुस्ती नाही, नव्याने वायरिंग करायचं काम आहे.

एलईडी बार लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. आत ड्रायव्हर सर्किट असतं, ते व्होल्टेज घटलं की जास्त करंट ओढून उजेड तोच ठेवतं. म्हणजे हॅलोजन पिवळा पडून जी सूचना देतो, ती एलईडी देत नाही. खराब अर्थ लपून राहतो आणि मग बार एकदम बंद पडतो. तिथे तर डोळ्यांवर विसंबूच नका, मोजा.

ट्रिगरची, म्हणजे रिलेला चालू करणारी वायर हाय बीमवरून घ्या. समोरून गाडी आली, डिपर मारला की स्पॉटलाइट आपोआप गेले पाहिजेत. तसंही कायद्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 111 पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाईच करतो. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने लावता येतो. शहरात झाकण घालून फिरण्याची पद्धत आहे, पण झाकणाने नियम बदलत नाही, त्यामुळे चौकात पोलिसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि ताम्हिणीत धुकं उतरलं की हे दिवे बंद करणंच शहाणपणाचं. समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. तिथे खाली बसवलेले रुंद झोताचे फॉग लॅम्पच कामाला येतात.

दुरुस्तीनंतर एक अख्खा पावसाळा गेला. ताम्हिणी, वेल्ह्याहून परतताना पाबे घाट, भोरच्या बाजूची चिखलाची वाट, कुठेही कटकट नाही. डाव्या दिव्याच्या काचेत तेवढं अजून बाष्प धरतं. आधीच्या मालकाने तळाचं निचऱ्याचं भोक सिलिकॉनने बुजवून टाकलंय, ते येत्या रविवारी उघडायचंय.